निदान हातात असूनही अस्थिभंगाचा धोका आपला का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे : आईचे वय ६८. दोन वर्षांपूर्वी घरात पाय अडकून पडल्यामुळे तिचे मनगट मोडले. नंतरच्या तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी आहे हे सांगणारा आकडा) उणे २.९ आला आणि ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे, निदान झाले. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी तिने तीन महिन्यांत सोडून दिली. ‘मला कुठे काही दुखतंय? आणि तशी पडले तर कोणाचंही हाड मोडेल,’ असे ती म्हणते. आता डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. एरवी तब्येतीला जपणाऱ्या बाईला हा धोका दिसत कसा नाही, आणि तिला थोडे घाबरवावे का?

तुमच्या आईंचे हे वाक्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकायला मिळते, त्यामुळे त्या हट्टीपणा करत आहेत असे कृपया समजू नका. ऑस्टिओपोरोसिस आहे हे ठाऊक असूनही आपले हाड मोडण्याची शक्यता इतरांहून जास्त आहे असे न वाटणे, हाच या आजारातला सर्वसाधारण प्रकार आहे. ‘ग्लो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील दहा देशांमधल्या ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ६० हजारांहून अधिक स्त्रियांना, आपल्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत आपल्याला अस्थिभंगाचा धोका किती वाटतो, असे विचारले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकंदर १९ टक्के स्त्रियांनी आपला धोका जास्त असल्याचे सांगितले, ४६ टक्क्यांना तो इतरांइतकाच वाटला आणि ३५ टक्क्यांना कमी वाटला. हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांना ऑस्टिओपोरोसिसचे निदान आधीच सांगितलेले होते, त्यांच्यातही धोका वाढल्याचे मानणाऱ्या ४३ टक्केच निघाल्या, आणि धोक्याची दोन किंवा अधिक कारणे एकत्र असलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांवरच थांबले.

त्याच अभ्यासातला आणखी एक तपशील मला अधिक बोलका वाटतो. स्टेरॉइडची औषधे चालू असलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना आपल्या हाडांना धोका असल्याची जाणीव होती, तर धूम्रपान करणाऱ्यांपैकी केवळ १९ टक्क्यांना ती होती. स्टेरॉइड लिहून देताना बहुधा कुणीतरी हाडांविषयी दोन शब्द बोललेले असते. धूम्रपानाच्या बाबतीत फुप्फुसांचा आणि हृदयाचा उल्लेख होतो, हाडांचा सहसा होत नाही. म्हणजे या जाणिवेचा बराचसा भाग, कुणी काय आणि कोणत्या संदर्भात सांगितले यावर ठरतो, असे माझे मत आहे. स्वतःच्या बाबतीत वाईट घटनांची शक्यता कमी धरण्याची माणसाची प्रवृत्ती तर सर्वच आजारांत असते, आणि मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० सालीच तिची पद्धतशीर नोंद केली होती. परंतु ऑस्टिओपोरोसिसमध्ये त्या प्रवृत्तीला खतपाणी घालणाऱ्या काही खास गोष्टी आहेत.

‘इतरांइतकाच’ या उत्तराकडेच आधी पाहा. ७५ वर्षांची बाई जेव्हा म्हणते की माझा धोका माझ्या मैत्रिणींइतकाच आहे, तेव्हा ती कदाचित अगदी बरोबर असते. पण तिच्या मैत्रिणींचा धोकाही मुळात मोठा आहे, हे तिच्या हिशेबात आलेले नसते. पन्नाशीनंतर दर तीन स्त्रियांपैकी साधारण एकीला उरलेल्या आयुष्यात ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो. वयाचा परिणाम इतका जबरदस्त आहे की टी-स्कोअर तोच असला तरी पन्नाशीतल्या आणि ऐंशीतल्या स्त्रीचा पुढील दहा वर्षांतला खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका कित्येक पटींनी वेगळा असतो. त्यामुळे समवयस्कांशी केलेली तुलना या आजारात फसवी ठरते. बाईने स्वतःची तुलना स्वतःच्याच पूर्वीच्या हाडांशी करायला हवी, आणि ती तशी सहसा करत नाही, कारण तसा प्रश्न तिला कुणी विचारत नाही.

आता मनगटाकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या आईंच्या बाबतीत सगळी गाठ तिथेच आहे. मनगट किंवा खांदा मोडून गेलेल्या स्त्रीला मी तो प्रसंग सविस्तर सांगायला सांगते. ती सांगते की पहाटे उठले, दिवा लावायचा कंटाळा केला, पायपुसणे सरकले, तोल गेला आणि हात टेकला. फरशी ओली होती की कोरडी, चपला कोणत्या होत्या, दाराची घंटा वाजली म्हणून कशी घाई झाली, हे सारे त्या कथेत असते. हाड मात्र त्यात कुठेच नसते. कथा स्वतःपुरती पूर्ण असते, कारण आणि परिणाम दोन्ही तिच्यात असतात, आणि त्यातून निघणारा धडाही तयार असतो : यापुढे जपून चालायचे. धोका पायपुसण्यात होता, तो काढून टाकला, विषय संपला. अशा स्त्रीला ‘तुमची हाडे ठिसूळ आहेत’ असे सांगितले की ते तिला एका वेगळ्याच, तिच्या अपघाताशी संबंध नसलेल्या आजाराचे निदान वाटते.

वैद्यकशास्त्र हाच प्रसंग दुसऱ्या टोकाकडून वाचते. उभ्या उंचीवरून किंवा त्याहूनही कमी उंचीवरून पडल्यामुळे मोठ्या माणसाचे हाड मोडले, तर ते हाड मुळात कमकुवत आहे का, हे तपासले पाहिजे, असा आमचा नियम आहे. निरोगी हाड एवढा आघात सहसा सोसते. ‘तशी पडले तर कोणाचंही मोडेल’ या वाक्याला उत्तर द्यायचे तर ते इथेच आहे. ६५ वर्षांपुढच्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे दरवर्षी एकदा तरी पडतात, आणि त्या पडण्यांपैकी बहुतेकांत हाड मोडत नाही. मी पुढे एवढेच विचारते की याआधी कधी पडला होतात का. जवळजवळ प्रत्येकीला तिशी-चाळिशीतले एखादे जोरदार पडणे आठवते, जिन्यावरून घसरलेले किंवा वाहनावरून पडलेले, आणि त्या वेळी खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते हेही आठवते. दोन पडण्यांमध्ये काय बदलले, हा विचार त्यांच्या मनात आपोआप सुरू होतो. टी-स्कोअरच्या आकड्याने जे होत नाही ते या एका प्रश्नाने पुष्कळदा होते, आणि म्हणून तुम्हीही आईंशी बोलताना अहवालापासून सुरुवात न करता त्या मनगटापासून करावी, असे मी सुचवेन.

अर्थात पडण्याची कथा खोटी नसते, हेही मान्य केले पाहिजे. खुब्याचे ९० टक्क्यांहून अधिक अस्थिभंग पडल्यामुळेच होतात, बहुधा कुशीवर पडल्यामुळे. नजर अधू असणे, झोपेची औषधे, मांड्यांचे दुबळे स्नायू, रात्री लघवीसाठी उठावे लागणे, या गोष्टींकडे लक्ष देणे हा उपचाराचाच भाग आहे. आक्षेप इतकाच की पडणे टाळण्याचा निश्चय आणि पडणे टळणे यांत अंतर असते.

आणि दोष एकट्या रुग्णाचाही नाही. मनगटाचे प्लास्टर काढल्यावर ‘हाड छान जुळले आहे, आता काळजी नको’ असे आम्हीच सांगतो. जुळलेल्या हाडाबद्दल ते खरे असते. बाकीच्या सांगाड्याबद्दल कुणी बोललेलेच नसते. एकदा ठिसूळपणामुळे हाड मोडले की पुढच्या अस्थिभंगाची शक्यता साधारण दुपटीच्या जवळ जाते, आणि ही वाढ पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. नेमक्या त्याच काळात रुग्ण निर्धास्त असतो आणि बहुसंख्य रुग्णांना हाडांचे कोणतेही औषध सुरू झालेले नसते. अस्थिभंग झालेल्या प्रत्येक रुग्णाला शोधून, घनता तपासून, उपचारांचा पाठपुरावा करणारी वेगळी सेवा काही रुग्णालयांत असते आणि आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनने २०१२ पासून तिचा जोरदार पुरस्कार केला आहे, तो याच पोकळीमुळे. तुमच्या आईंची निदान तपासणी तरी झाली. अनेकींची तीही होत नाही.

‘मला कुठे काही दुखतंय’ या वाक्याचा विचार वेगळा करावा लागतो. गुडघ्याचा संधिवात दुखतो, म्हणून तो खरा वाटतो. हाडांची घनता कमी होण्याला वेदना नसते. कित्येक स्त्रिया या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि गुडघे ठीक असतील तर हाडेही ठीक आहेत असे धरून चालतात. याहून अवघड गोष्ट अशी की अस्थिभंगसुद्धा नेहमी दुखत नाही. मणक्यांच्या अस्थिभंगांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रसंगी कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पाठीत उसण भरली, वयोमानाने कंबर धरली, असे म्हणून ते दिवस निघून जातात. त्यासाठी पडावेही लागत नाही. वाकून बादली उचलणे किंवा अंथरुणात कूस बदलणेही पुरेसे होते. मणका दबून पाचरीसारखा होतो, दोन-तीन मणके असे दबले की पाठीला बाक येतो आणि उंची घटते.

म्हणून मी प्रत्येक नव्या रुग्णाची उंची मोजते, आणि मोजण्याआधी विचारते. उत्तर बहुधा तरुणपणचे असते : पाच फूट दोन इंच. मग टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून, डोक्यावरची पट्टी खाली आणली की आकडा दीड-दोन इंचांनी कमी भरतो. ‘तुमची पट्टी चुकते आहे’ ही सर्वांत नेहमीची प्रतिक्रिया आहे. ऐन तारुण्यातल्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढून लपलेला अस्थिभंग आहे का ते पाहणे योग्य ठरते. तुमच्या आईंच्या बाबतीत हे झाले नसेल तर आवर्जून करून घ्या, कारण मणका आधीच दबलेला असेल तर उपचारांचा निर्णय बदलू शकतो. असा एक मणका नव्याने मोडला की सुमारे पाचांपैकी एका स्त्रीचा दुसरा मणका वर्षभरातच मोडतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात आढळले होते. दबलेल्या मणक्याचे चित्र पाहिलेल्या स्त्रीला मग आकडेवारी सांगत बसावे लागत नाही, हाही त्याचा एक उपयोग.

अहवालातल्या आकड्यांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ सालच्या व्याख्येनुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि उणे १ ते उणे २.५ या दरम्यान असेल तर ऑस्टिओपीनिया. ही रेषा निदानाच्या सोयीसाठी आखलेली आहे. त्या रेषेवर हाडाचा स्वभाव अचानक बदलत नाही. सुमारे दीड लाख अमेरिकी स्त्रियांचा वर्षभर पाठपुरावा केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अस्थिभंग झालेल्या स्त्रियांपैकी ८२ टक्के जणींचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर होता, कारण अशा स्त्रियांची संख्याच फार मोठी असते. त्यामुळे ‘अजून ऑस्टिओपोरोसिस नाही, नुसता ऑस्टिओपीनिया आहे’ हे वाक्य दिलासा म्हणून वापरणे मला पसंत नाही.

म्हणूनच २००८ साली शेफील्ड विद्यापीठात जॉन केनिस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धती वापरली जाते. वय, वजन, उंची, आधीचा अस्थिभंग, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, मद्यपान, स्टेरॉइड, आमवात आणि खुब्याची घनता यांवरून ती पुढील दहा वर्षांतल्या अस्थिभंगाची शक्यता टक्क्यांत देते. अडचण अशी की ही टक्केवारी डॉक्टरला आणि रुग्णाला वेगळी ऐकू येते. प्रमुख अस्थिभंगाची शक्यता २० टक्के आली की अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध सुरू करण्याइतका धोका झाला असे धरतात. रुग्ण मात्र मनातल्या मनात ८० टक्के काही होणार नाही असा हिशेब करतो आणि निश्चिंत होऊन घरी जातो. दोघांचेही गणित बरोबर असते. मी शक्यतो टक्के न सांगता माणसे सांगते : तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी दहा वर्षांत वीस जणींचे मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडेल, आणि त्या वीस कोण हे आज कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या आईंचा आकडा किती येतो हे त्यांच्या डॉक्टरांकडून जरूर काढून घ्या. मात्र ‘फ्रॅक्स’च्या मूळ पद्धतीत गेल्या वर्षभरात किती वेळा पडलो हे विचारले जात नाही, हे लक्षात असू द्या. वारंवार पडणाऱ्या व्यक्तीचा खरा धोका त्या आकड्याहून जास्त असतो.

गोळी सोडण्याचा प्रश्न या सगळ्याशी जोडलेला आहे. या गोळीने आज बरे वाटत नाही आणि न घेतल्याने उद्या वाईट वाटत नाही. तिचा फायदा म्हणजे एक न घडलेली घटना, आणि न घडलेली घटना कुणाला दिसत नाही. त्याउलट तिचा त्रास दिसतो : उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, आणि तरीही कुणाला छातीत जळजळते. शिवाय जबड्याचे हाड कुजते किंवा मांडीचे हाड विचित्र पद्धतीने मोडते, असे कुठेतरी वाचलेले असते. हे दोन्ही दुष्परिणाम खरे आहेत, आणि ते नाकारणाऱ्या डॉक्टरवर रुग्ण विश्वास ठेवत नाही, तेही योग्यच आहे. मात्र ऑस्टिओपोरोसिससाठी वापरल्या जाणाऱ्या मात्रेत जबड्याचा हा विकार वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतका विरळ आहे. मांडीच्या हाडाच्या त्या अस्थिभंगाची शक्यता औषध जितकी अधिक वर्षे चालू राहील तितकी वाढते आणि गोळी थांबवल्यावर झपाट्याने कमी होते, म्हणूनच काही वर्षांनी या गोळ्यांना खंड द्यायचा की नाही याचा फेरविचार केला जातो.

फायद्याची बाजूही तशाच मोजपट्टीने सांगितली पाहिजे. आठवड्याच्या गोळ्यांपैकी सर्वांत परिचित असलेल्या अॅलेंड्रोनेटचा मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. एखादा मणका आधीच दबलेल्या स्त्रियांपैकी, औषध न मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरांतल्या १५ जणींचा नवा मणका एक्स-रेमध्ये दबलेला आढळला, तर औषध घेतलेल्या गटात ८ जणींचा. खुब्याचे अस्थिभंग २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले. याचा प्रामाणिक अर्थ असा की औषध धोका निम्म्यावर आणते, शून्यावर आणत नाही, आणि घेणाऱ्या अनेकींना ते न घेताही काही झाले नसते. एवढे मोकळेपणाने सांगितले की रुग्ण औषध अधिक काळ घेतात असा माझा अनुभव आहे. ‘हाडे पुन्हा पूर्वीसारखी होतील’ असे आश्वासन दिले की दोन वर्षांनी स्कॅनमध्ये फार फरक न दिसल्यावर ते बंद करतात.

आता घाबरवण्याविषयी. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. या वयातल्या स्त्रियांना खुबा मोडण्याची भीती वाटत नाही, हा समजच चुकीचा आहे. ७५ वर्षांपुढच्या ऑस्ट्रेलियन स्त्रियांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० टक्के जणींनी, खुबा मोडून कायमचे शुश्रूषागृहात राहावे लागण्यापेक्षा मरण पत्करू, असे उत्तर दिले होते. भीती आतमध्ये भरपूर असते, आणि ती सहन होत नाही म्हणूनच ‘माझ्या बाबतीत तसे होणार नाही’ हे वाक्य कामाला येते. त्यावर आणखी भीती घातली तर ते वाक्य अधिक घट्ट होते. आपण म्हाताऱ्या झालो, हे मान्य करण्याचा प्रश्नही त्यात असतो. पाठीला बाक आलेली, काठी घेतलेली बाई म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असे चित्र डोळ्यांपुढे असेल, तर ताठ चालणारी ६८ वर्षांची स्त्री त्या चित्रात स्वतःला का पाहील?

शिवाय भीती यशस्वी झालीच, तर तिचे दुष्परिणाम आम्हाला निस्तरावे लागतात. निदानानंतर काही स्त्रियांना आपले शरीर काचेचे झाल्यासारखे वाटू लागते. त्या वजन उचलत नाहीत, जिना टाळतात, नातवंडाला कडेवर घेत नाहीत, हळूहळू बाहेर पडणेही बंद करतात. स्नायू झडतात, तोल बिघडतो, आणि पडण्याच्या भीतीनेच पडण्याची शक्यता वाढते. धोका कमी लेखणाऱ्या स्त्रीपेक्षा धोका अवाजवी मानणाऱ्या स्त्रीला वळणावर आणणे मला नेहमीच अधिक अवघड गेले आहे. वास्तविक हाडांना भार हवा असतो. ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ या २०१७ च्या प्रयोगात, हाडांची घनता कमी झालेल्या आणि रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, चांगली जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. देखरेखीशिवाय कुणी याचे अनुकरण करू नये, आणि मणका दबलेला असेल तर कमरेतून पुढे वाकून ओझे उचलणे व पीळ देणारे व्यायाम टाळावेत. पण स्नायूंच्या ताकदीचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम तुमच्या आईंनी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, हे मी औषधाइतकेच आग्रहाने सांगेन.

बोलताना आजाराऐवजी त्यांना काय टिकवायचे आहे ते विचारा. एकटीने प्रवास करणे, स्वतःची कामे स्वतः करणे, कुणावर अवलंबून न राहणे, असे काहीतरी उत्तर येईल. औषध त्या गोष्टीसाठी आहे असे म्हटले की संभाषण सोपे होते. गोळी का सोडली हेही न रागावता विचारा. जळजळ होत होती, जबड्याविषयी वाचले होते, की नुसतेच निरर्थक वाटत होते, यावर पुढचा पर्याय अवलंबून असतो; नुसते ‘घ्यायलाच हवे’ असे सांगून आजवर कुणाची गोळी पुन्हा सुरू झाल्याचे मी पाहिलेले नाही.

राहिला इंजेक्शनचा मुद्दा. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचे म्हणजे ते बहुधा डेनोसुमॅब असणार. औषध चांगले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्यांचे नवे अस्थिभंग ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. गोळी विसरणाऱ्यांना ते सोयीचे पडते. परंतु ज्या स्त्रीला आपला धोका खराच वाटत नाही, तिला ते देण्याआधी मी थांबून विचार करते, कारण गोळी मध्येच सोडणे आणि हे इंजेक्शन मध्येच सोडणे यांत फार फरक आहे. गोळीतले औषध हाडात साठून राहते आणि थांबवल्यावरही काही काळ काम करत राहते. डेनोसुमॅबचा परिणाम मात्र मुदत संपताच ओसरतो, हाडांची झीज आधीपेक्षाही वेगाने होऊ लागते, मिळवलेली घनता एक-दोन वर्षांत निघून जाते, आणि काही स्त्रियांचे एकापाठोपाठ अनेक मणके मोडतात. म्हणून ठरलेल्या तारखेला महिन्याभराहून अधिक उशीर होऊ देऊ नये, आणि कधी थांबवायचेच झाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या जागी दुसरे औषध सुरू करूनच थांबवावे. पहिल्या इंजेक्शनआधी रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडांचे कार्य तपासून घ्यावे, तसेच दातांचे काही मोठे काम राहिले असेल तर ते उरकून घ्यावे.

दर सहा महिन्यांनी न चुकता येण्याची तयारी आज आईंची नसेल, तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रोनिक अॅसिडविषयी डॉक्टरांना विचारा. ते गोळीच्याच कुळातले आहे, पोटाला त्रास देत नाही, २००७ च्या अभ्यासात त्याने मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी केले होते, आणि पुढची मात्रा लांबली तरी डेनोसुमॅबसारखा झटका बसत नाही. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, हे आईंना आधीच सांगून ठेवा. न सांगता आलेला ताप त्यांना औषध सोडण्याचे आणखी एक कारण देईल.